आबा (अप्रकाशित)

भडगावात संदर्भ दिल्याशिवाय कुणाला वाक्य पुरं करता येत नाही. एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर एखाद्याने नुसतं म्हणावं, "जामद्याच्या कालव्याला परवा पाणी सुटतंय," की बाकावरचे तिघे एकदम सरसावतात. "तुले कोनी सांगं?" पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने. "पाटकऱ्याला कोणी सांगितलं?" साहेबांच्या ड्रायव्हरने. "कधी?" काल सांजच्याला. "कुठे?" पाचोऱ्याच्या बसमध्ये, कंडक्टरच्या मागच्या सीटवर. एवढी उलटतपासणी होईपर्यंत बशीत फुंकर मारत बसलेला चौथा शांतपणे सांगतो, "तो ड्रायव्हर सोमवारपासून रजेवर आहे. त्याच्या सासुरवाडीचाच मी." झालं. पाणी कालव्यात यायच्या आधीच बातमी आटते.

कोणी सांगितलं, कधी, कुठे, आणि सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन किती, हे सगळं या चौघांनी एका कटिंगमध्ये तपासलं. याच कामासाठी अमेरिकेत जाडजूड पुस्तकं छापतात. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचं, ज्याला सगळे एपीए म्हणतात, ते पुस्तक सातव्या आवृत्तीला पोचलंय. भाषा-साहित्यवाल्यांचं एमएलए नवव्या, शिकागोवाल्यांचं अठराव्या. स्वल्पविराम कुठे, पूर्णविराम कुठे, पुस्तकाचं नाव तिरकं छापायचं की सरळ, यावर पानंच्या पानं. टपरीवरच्या चौघांपैकी एकानेही ती पाहिलेली नाहीत, आणि त्यांचं काही अडलेलं नाही.

आता यातल्याच एकाचा मुलगा कॉलेजात प्रोजेक्ट लिहितो. विषय, 'गिरणाकाठच्या गावांतील पाणीप्रश्न : एक चिकित्सक अभ्यास'. ('एक चिकित्सक अभ्यास' हे शेपूट नसलेला प्रोजेक्ट स्वीकारला जात नाही, अशी विद्यार्थ्यांची पक्की समजूत आहे.) पानं साठ, कव्हर काळं, अक्षरं सोनेरी. आणि शेवटच्या पानावर 'संदर्भसूची' या ठळक मथळ्याखाली : १) गुगल. २) विकिपीडिया. ३) यूट्यूब. ४) वर्तमानपत्रे. ५) सरांच्या नोट्स. ६) इतर.

यातला सहावा संदर्भ मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. पहिल्या पाचांत मिळून प्रोजेक्टची दोन पानं भरतात. उरलेली बहुतेक 'इतर'मधून येतात. मागच्या वर्षीच्या मुलाचा प्रोजेक्ट, मामेबहिणीची फाईल, धुळ्याच्या मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ, आणि झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरातली 'प्रोजेक्ट फायनल', 'प्रोजेक्ट फायनल नवीन', 'फायनल फायनल खरं' अशी वंशावळ. हे सगळं एका शब्दात बसवायचं म्हणजे भाषेवर हुकमत हवी.

झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर मला माहीत आहे, कारण तो माझा मित्र आहे आणि मार्च-एप्रिलमध्ये भडगावात पंखा आणि फुकट करमणूक एकाच ठिकाणी मिळेल अशी जागा तेवढीच. नव्या शैक्षणिक धोरणाने संशोधन पदवीच्या वर्गापर्यंत खाली आणून ठेवल्यापासून त्याचा सीझन लांबलाय. पूर्वी लग्नपत्रिका आणि पिकपेऱ्याचे अर्ज यांच्या मधल्या खाचेत प्रोजेक्ट बसायचे. आता प्रोजेक्ट संपायला आणि लग्नसराई सुरू व्हायला एकच गाठ पडते. एकदा घाईत एका प्रबंधाच्या ऋणनिर्देशाच्या पानावर गणपती छापला गेला. कुणाला काही खटकलं नाही. मजकूर तसाही 'आई-वडिलांच्या कृपाशीर्वादाने' असाच सुरू होत होता.

त्याच्या दुकानातलं सगळ्यात मोठं संशोधन-साधन म्हणजे 'शोधा आणि बदला' हे बटण. एका मुलाने 'महाराष्ट्राच्या समाजसुधारणेत पुण्याचा वाटा' अशा विषयाची फाईल मिळवली. त्याचा विषय होता भडगावचा वाटा. त्याने 'पुणे' शोधलं, 'भडगाव' घातलं, आणि 'सगळे बदला' दाबलं. क्षणात भडगावची भरभराट झाली. भडगाव महानगरपालिका आली, भडगाव विद्यापीठ आलं, भडगाव-सोलापूर रेल्वे सुरू झाली. गांधीजी आणि आंबेडकर यांच्यातला १९३२ चा भडगाव करार झाला. लोकमान्यांच्या डोक्यावर 'भडगावरी' पगडी आली. मात्र यंत्राला सामान्यरूप कळत नाही. त्यामुळे जिथे 'पुण्यात', 'पुण्याचा', 'पुण्याहून' होतं, तिथे पुणं शाबूत राहिलं. परिणामी समाजसुधारक दर दुसऱ्या वाक्याला प्रवासाला निघत. भडगाव इथे सभा भरायची, ठराव पुण्यात व्हायचा. मराठी व्याकरणाने सत्याची इतकी सेवा क्वचितच केली असेल.

हे सगळं चाळत असताना मित्र म्हणाला, "याला संदर्भ कुठला देऊ?" मुलगा म्हणाला, "दादा, तत्रैव टाका ना. मागच्या प्रोजेक्टात सगळीकडे तेच आहे."

जुन्या मराठी प्रबंधांत आधीच्याच पुस्तकाचा पुन्हा हवाला द्यायचा असेल तर 'तत्रैव' लिहितात, आणि जरा मागे होऊन गेलेल्या पुस्तकाचा असेल तर 'उनि'. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे दोघे मराठीतले थोर अभ्यासक आहेत. एका प्रोजेक्टात मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय, "तत्रैव यांच्या मते ग्रामीण भागातील स्थलांतराचे मूळ कारण पाणीटंचाई हे आहे." मत चुकीचं नव्हतं. तत्रैव यांचा अभ्यास दांडगा असणार. अर्थशास्त्रापासून संतसाहित्यापर्यंत एकही विषय त्यांनी सोडलेला नाही.

विदेशी पद्धत घेतली तरी खानदेशात वेगळी पंचाईत आहे. एपीएचं म्हणणं असं की मजकुरात कंसामध्ये आडनाव आणि वर्ष द्या, की वाचकाला माणूस सापडतो. इथे '(पाटील, २०१२)' असं लिहिलं तर निम्मा तालुका उठून उभा राहील. आडनाव एकच असेल तर आद्याक्षरं द्या, असा पोटनियम आहे. पण आमच्याकडे माणसाची ओळखच आद्याक्षरांनी असते, तीही इंग्रजी, आणि त्यातही ए. बी. पाटील एका गल्लीत दोन निघतात. गावात हा प्रश्न कधीच सुटलेला आहे : एक 'सोसायटीवाले', दुसरे 'बुलेटवाले'. ही सोय अजून एकाही आवृत्तीत आलेली नाही.

वाङ्मयचौर्याचा बंदोबस्त करायला सरकारने काही केलं नाही असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली नियमच काढले. प्रबंधातलं दुसऱ्याशी मिळतंजुळतं प्रमाण शेकडा दहापर्यंत असेल तर माफ. दहा ते चाळीस असेल तर दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्या. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर तोंड दाखवू नका. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. आणखी एक सवलत आहे. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट सलग चौदा शब्दांपर्यंत सारखी आली तरी ती मोजत नाहीत. ही सवलत मी भडगावला लावून पाहिली. 'भडगाव हे जळगाव जिल्ह्यातील गिरणा नदीच्या काठी वसलेले तालुक्याचे गाव आहे' हे झाले अकरा शब्द. निर्धोक. पुढे 'व येथे कापूस' इथपर्यंत चौदा. 'पिकतो' म्हटलं की पंधरावा. म्हणजे कापूस पिकवला की गुन्हा. शेतकऱ्यांना हे नवीन नाही.

हे नियम आहेत प्रबंधांसाठी, आणि ते तपासतं यंत्र. यंत्राचा धाक मोठा, पण जुन्या फॉन्टात टंकलेलं मराठी त्याच्यापुढे ठेवलं तर त्याला ते मराठी आहे हेच कळत नाही. नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि ती जगात दुसरीकडे कुठेच न सापडल्यामुळे शेकडा शून्य असा निर्मळ निकाल येतो. अशा फॉन्टांना कुणी मागासलेलं म्हटलं की माझा मित्र दुखावतो. त्याने त्यावर घराचा स्लॅब टाकलाय.

अलीकडे मुलांनी आणखी पुढची पायरी गाठली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलं की ती संदर्भसूची बनवून देते. आडनाव अस्सल खानदेशी, प्रकाशन जळगावचं, वर्ष, पृष्ठक्रमांक, सगळं जागच्या जागी, स्वल्पविरामासकट. फक्त पुस्तक नसतं. २०२३ साली न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी असेच कधी न झालेले खटले दाखल्याला देऊन न्यायालयात कागद दिला, आणि न्यायाधीशांनी त्यांना पाच हजार डॉलर दंड केला. आमच्याकडे अशा सूचीला शेरा मिळतो, 'संदर्भसूची उत्तम'. परीक्षकाचा यात दोष नाही. त्याने आयुष्यभर 'गुगल, यूट्यूब, इतर' पाहिलेलं असतं. त्याच्यापुढे पहिल्यांदाच आडनावासकट पुस्तकं आली. ती खरी असावीत एवढी मोठी अपेक्षा तो एकदम कशी करील?

हे सगळं कुठल्या मुलखात चाललंय ते पाहिलं की जास्त गंमत वाटते. शेजारच्या चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवी आहे. तिथल्या शिलालेखाकडे भाऊ दाजींनी १८६५ साली अभ्यासकांचं लक्ष वेधलं. लेख शके ११२८ चा, म्हणजे १२०७ च्या आसपासचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि हे ज्ञान कुणाकडून कुणाकडे आलं ती सगळी परंपरा आधी दगडावर कोरली. पणजोबा-खापरपणजोबांपासून एकही कडी न गाळता. आज आपण पाचशे रुपयांत साठ पानं बांधून घेतो आणि संदर्भाला जागा उरली नाही म्हणतो. त्या माणसाने छिन्नी-हातोड्याने संदर्भ दिलाय. त्यात 'इतर' नाही. शेवटी जुन्या मराठीत मठाला बाजारातल्या मालावर किती द्यायचं, घाण्यामागे किती तेल द्यायचं, याचीही नोंद आहे. म्हणजे ज्ञानाचाही संदर्भ आणि तेलाचाही.

खुद्द भास्कराचार्यांचं वागणं तर आजच्या कुठल्याही परीक्षकाला गहिवर आणणारं. बीजगणिताचा ग्रंथ पुरा करताना ते सांगून टाकतात की ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची बीजगणितं फार विस्तृत आहेत, त्यांचं सार मी इथे काढलं आहे. एवढा मोठा माणूस, बाराव्या शतकातला. यंत्र नव्हतं, आयोग नव्हता, शेकडा दहाची माफी नव्हती. नाव गाळलं असतं तर विचारणारं कोण होतं? पुढे काय झालं पाहा. श्रीधराचं बीजगणित हरवलं. पद्मनाभाचंही हरवलं. दहावीच्या मुलांना घाम फोडणारं वर्गसमीकरण सोडवण्याची श्रीधराची रीत आज आपल्याला ठाऊक आहे, ती भास्कराचार्यांनी त्याच्या नावासकट उतरवून ठेवली म्हणून. मूळ पोथी गेली, तळटीप राहिली. पद्मनाभाचं तर जवळजवळ नावच उरलं आहे, आणि तेही याच उल्लेखामुळे. भास्कराचार्यांनी संदर्भसूचीत 'ब्रह्मगुप्त व इतर' लिहिलं असतं तर पद्मनाभ कायमचे इतरांत गेले असते.

दुसऱ्या अंगाला धुळं. तिथे १९२६ च्या अखेरच्या दिवशी इतिहासाचार्य राजवाडे वारले. या माणसाने गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं उपसून, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. पहिला खंड १८९८ चा. मूळ कागद दाखवा, मग बोला, हा त्यांचा खाक्या. त्यांच्या मागे धुळ्यात १९२७ साली त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांवरचा एक प्रोजेक्ट मी मित्राच्या दुकानात पाहिला. संदर्भ एकच होता, 'इंटरनेट'. राजवाडे हयात असते तर हा विद्यार्थी धुळ्याच्या बसमध्ये चढला नसता.

आणि भडगावचा इतिहास म्हणून जो उतारा प्रत्येक प्रोजेक्टात असतो, तो कुठून येतो? बहुतेक वेळा १८८० साली इंग्रज सरकारने छापलेल्या मुंबई गॅझेटिअरच्या खानदेश खंडातून. इंग्रजांनी भडगावला शेतीचं प्रयोगक्षेत्र चालवलं होतं, हे वाक्य मी इतक्या प्रोजेक्टांत वाचलंय की ते क्षेत्र आता मला पाठ आहे. इंग्रजीतून मराठीत, मराठीतून स्मरणिकेत, स्मरणिकेतून जयंतीच्या भाषणात, भाषणातून फाईलमध्ये. दीडशे वर्षं ते फिरतंय आणि एकानेही त्याला मूळ गाव विचारलेलं नाही.

याच माणसांच्या घरी ट्रंकेत तळाशी आहेराची वही असते. ती काढून पाहा. आडनाव, नाव, गाव, नातं, काय दिलं, किती दिलं. गुढ्याचे मामा, रुपये एकावन्न. कजगावच्या मावशी, पातळ एक. कोळगावचे व्याही, टॉवेल-टोपी, आणि पुढे कंसात 'टोपी लहान'. वीस वर्षांनी मामाच्या नातीचं लग्न निघालं की ती वही उघडते, बोट ओळीवरून फिरतं, आणि घेतलेलं वाढीसह परत जातं. नाव चुकलं तर भाऊबंदकी. रक्कम चुकली तर पिढीजात अबोला. कुणाकडून काय घेतलं हे लिहून ठेवायचं आणि चारचौघांत मान्य करायचं, यापलीकडे एपीएच्या त्या जाडजूड पुस्तकात तरी काय सांगितलंय? अमेरिकेतले लोक मात्र 'टोपी लहान' इतकं स्पष्ट लिहीत नाहीत.

वहीत इतकी काटेकोर असलेली माणसं प्रोजेक्टात एवढी उधार का होतात, यावर मी मित्राच्या पंख्याखाली पुष्कळ विचार केला आहे. माझं मत असं झालंय की मुलांना पुस्तकातल्या मजकुराचा मालक कधी दिसतच नाही. मामाला लग्नात तोंड दाखवायचं असतं, 'इतर'ना कुठे दाखवायचं असतं? शाळेत दहा वर्षं गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की पूर्ण गुण. शब्द बदलला की अर्धा कापला. अकराव्या वर्षी एकदम कुणी सांगतं की जसंच्या तसं लिहिणं म्हणजे चोरी. पोरगं बिचारं आधीच्या दहा वर्षांचे गुण परत मागतील की काय म्हणून घाबरतं.

त्या 'गिरणाकाठच्या गावां'वाल्या प्रोजेक्टात मात्र सात पानं वेगळी होती. टायपिंग करताना मित्र थांबला आणि त्याने मला ती वाचायला दिली. बाहत्तरच्या दुष्काळात कुठल्या विहिरीला किती परस पाणी होतं, एकोणसत्तर साली गिरणा धरण पुरं झाल्यावर पहिलं आवर्तन कुठवर पोचलं, जामदा कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचायच्या आधी रात्री त्याचं काय काय होतं. हे कुठल्याही गॅझेटिअरात नाही. मुलाने उन्हाळ्यात आजोबांना शेजारी बसवून लिहून घेतलं होतं. साठ पानांत तेवढीच त्याची स्वतःची, आणि सरांनी नेमकी त्यांच्यावर लाल रेघ ओढून लिहिलं होतं, 'संदर्भ? प्रकाशक? वर्ष?'

मुलाने मान खाली घालून सूचीत भर घातली होती : ७) आबा (अप्रकाशित).

ज्या विद्यापीठाचं नाव त्याच्या काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरांत होतं, ते आहे बहिणाबाई चौधरींचं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून उरली. पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, १९५२ साली, अत्र्यांच्या पुढाकाराने. तोवर बहिणाबाईसुद्धा अप्रकाशितच होत्या. हे मी मित्राला म्हणालो. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण स्वल्पविराम कुठे टाकू?"

म्हणून आम्ही नियम शोधला. एपीएचं म्हणणं असं निघालं की प्रत्यक्ष बोलून मिळवलेली माहिती मजकुरात नाव आणि तारीख देऊन सांगावी, शेवटच्या सूचीत घेऊ नये. कारण, वाचकाला तो स्रोत पुन्हा गाठता येत नाही. आबा रोज सकाळी आठ ते अकरा आणि चार ते दिवेलागणीपर्यंत पारावर असतात. सूचीतल्या 'इतर'मध्ये मोडणाऱ्या चार संकेतस्थळांवर आम्ही बोट ठेवलं, तर दोन ठिकाणी 'हे पान सापडले नाही' असं आलं, एका ठिकाणी मोबाईलच्या कव्हरची जाहिरात, आणि चौथं गोल गोल फिरत राहिलं. ती चारही सूचीत राहिली. आबा नियमाप्रमाणे बाहेर.

मुलाला हे पटेना. तो सायकल काढून थेट पारावर गेला आणि आबांना विचारून आला, की नाव पूर्ण घालू का, वय घालू का, गट नंबर घालू का. परत आला तेव्हा चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"आबा म्हणे, मन्हं नाव लिखू नको बेटा. पाटकरीनी वाचं तं मन्हं पानी बंद व्हई जाई."

मित्राने सातवा क्रमांक खोडला आणि तिथे पुन्हा 'इतर' टाइप केलं.